जुन्या नौकाशास्त्रीय नियतकालिकांचा संग्रह : छंद की कर्तव्य?

केंब्रिज हे काही बंदर नव्हे. येथील कॅम नदीवर विद्यार्थी व प्रवासी सपाट तळाच्या होड्या लांब काठीने रेटीत विहार करितात. जहाजे बांधणारी गोदी येथे नाही. तरीही नौकाशास्त्राशी या विद्यानगरीचा संबंध जुना व दृढ आहे, आणि तो कागदाच्या द्वारे जडलेला आहे. म्हणूनच नौकारचनेवरील जुन्या तांत्रिक नियतकालिकांचा संग्रह करणे हा रिकामटेकडा छंद की उपयुक्त कार्य, या प्रश्नाचा विचार येथील मंडळींनी अवश्य करावा.

अशा संग्रहाविषयी सर्वसामान्य मत अनुकूल नाही. काव्य किंवा धर्मग्रंथ जुना झाला तरी त्याचे मोल घटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या बाष्पयंत्राचे वर्णन आज कोणाच्या उपयोगी पडणार, असे विचारले जाते. एखादा अभियंता निवर्तला की त्याच्या कपाटातील जाडजूड खंड प्रथम रद्दीत जातात. घरे लहान, जागा महाग, आणि पुढच्या पिढीचा व्यवसाय वेगळा. तेव्हा हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

परंतु त्याला एक समर्पक उत्तर आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेले ऑस्ट्रेलियन गणितज्ञ जॉन हेन्री मिचेल यांनी 1898 साली ‘फिलॉसॉफिकल मॅगेझिन’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. जहाज पाणी कापीत चालले की लाटा उठतात व त्या उठविण्यात जहाजाची शक्ती खर्ची पडते. हा विरोध किती होईल, ते नौकेच्या आकारावरून गणिताने काढण्याची रीत मिचेल यांनी त्यात दिली होती. त्यापूर्वी विल्यम फ्रूड यांनी 1872 च्या सुमारास टॉर्की येथे लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून प्रयोग करण्याची पद्धत रूढ केली होती. केवळ गणिताने तेच साधण्याचा हा मार्ग नवा होता. परंतु जवळजवळ पाव शतक त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. पुढे केंब्रिजच्याच सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी असलेले टॉमस हॅवलॉक यांनी या विषयाचा पाठपुरावा केला, तेव्हा त्या निबंधाची योग्यता जगाला कळली. दरम्यानच्या काळात ग्रंथालयांनी ते अंक निरुपयोगी म्हणून काढून टाकले असते तर? कोणता कागद उद्या कामास येईल हे आज ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही.

योगायोगाने त्याच 1898 साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. गावोगाव हिंडून, वाळवीच्या तोंडून दप्तरे सोडवून त्यांनी जे कार्य केले त्याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. राजकारणाच्या कागदांविषयी असलेली ही आस्था शिल्पाच्या व यंत्रविद्येच्या कागदांच्या वाट्याला मात्र क्वचितच आली.

याचा परिणाम कोकणच्या नौकांविषयी ठळकपणे दिसतो. 1756 साली विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती पडला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. गुराबा व गलबते बांधणाऱ्या सुतारांची विद्या मुख्यतः हातात व नजरेत होती. ती बापाकडून मुलाकडे जाई. अशा विद्येचे जे तपशील आज वाचावयास मिळतात त्यांतील बरेचसे परकीयांच्या नियतकालिकांत आहेत. त्रिंकोमाली येथील गोदीचे मुख्य नौकाकार जॉन एडी यांनी 1834 साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील नौकांचे सविस्तर वर्णन केले. मुंबईपासून सिंहलद्वीपापर्यंत व्यापार करणारी फतेमारी त्यात आहे. मद्रासच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी 1920 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या प्रकाशनात भारतीय नौकांच्या रचनेवर दीर्घ निबंध लिहिला, आणि त्यांचा जलवाहतुकीवरील ग्रंथ 1946 साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. कोकणच्या किनाऱ्यावर लाकडाची जागा आता फायबर घेत आहे. ज्या दिवशी जुना मिस्त्री उरणार नाही, त्या दिवशी त्याच्या नातवाला आजोबांच्या विद्येचा शोध याच पानांत घ्यावा लागेल.

आता सर्व काही यंत्राद्वारे टिपून ठेवलेले आहे, मग कागद कशाला, असा दुसरा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. नौकाशास्त्रीय खंडांचा प्राण म्हणजे त्यांतील घडीचे मोठे नकाशे; आणि प्रतिमा घेताना पुष्कळदा ती घडी उलगडलीच जात नाही. शिवाय जुन्या काळी बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकीत. कोणता कारखाना कोणते यंत्र विकीत होता, हे सुट्या अंकातच सापडते. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाला कायद्याने प्रत्येक ब्रिटिश प्रकाशनाची प्रत मागण्याचा हक्क आहे. 1934 साली उघडलेल्या त्याच्या उंच मनोऱ्यात, पूर्वी अभ्यासास निरुपयोगी समजली गेलेली पुस्तके ठेविली गेली. आज विद्वान तीच आवर्जून मागवितात.

तथापि प्रत्येक संग्राहक स्तुतीस पात्र नाही. काही जण खंड फाडून त्यांतील नकाशे चौकटीत घालून विकतात. ही विद्येची हत्या होय. काही जण कपाटाला कुलूप लावून बसतात. ‘द शिपबिल्डर’ या नियतकालिकाचा ‘ऑलिंपिक’ व ‘टायटॅनिक’ यांवरील 1911 चा विशेषांक मोठ्या किमतीचा मानला जातो, म्हणून तो जवळ बाळगायचा, पण उघडून पाहायचा नाही, याला विद्याप्रेम म्हणता येत नाही. सूची नसलेला संग्रह अडगळच ठरतो. कोणता खंड आहे, कोणता नाही, कोणत्या अंकातील नकाशे गहाळ आहेत, इतके लिहून ठेविले तरी अर्धे कार्य साधते.

म्हणून समाजातील कुटुंबांना एवढेच सांगणे आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या व्यवसायाची नियतकालिके विकण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावीत. समासातील टिपणे, हाताने काढलेल्या आकृत्या, मधे ठेवलेली पत्रे यांची नोंद करावी. नंतर ती जाणकाराला दाखवावीत, व योग्य ग्रंथालय घेण्यास तयार असेल तर तेथे द्यावीत. खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारे धुऊन, गंध लावून पुजतो. ज्या कागदावर हत्यार कसे धरावे हे लिहिले आहे, तोही त्या पूजेचा अधिकारी आहे. आणि त्याची खरी पूजा म्हणजे तो दुसऱ्याला वाचता येईल अशा जागी ठेवणे.