नॅनोकणांनी कोणाला वाचवले?

होमिओपॅथीचा विषय निघाला की विज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून हमखास एक प्रश्न येतो: ‘पण आयआयटी मुंबईने तर ते सिद्ध केले आहे ना?’ प्रश्न प्रामाणिक असतो आणि विचारणाऱ्याला नुसते हसून वाटेला लावणे योग्य नाही. म्हणून येथे मी त्या शोधनिबंधाला खोटे ठरवणार नाही. उलट, तो शब्दशः खरा मानून पुढे जाणार आहे. तो खरा असेल तर होमिओपॅथीचे काय उरते, एवढेच पाहायचे आहे.

आधी थोडे अंकगणित. सॅम्युएल हानेमान यांचा मुख्य ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध झाला. मूळ द्रव्याचा एक भाग, शंभर भाग होतील इतक्या द्रावकात मिसळायचा, जोराने हलवायचा, त्यातला पुन्हा एक भाग घ्यायचा. अशी एक पायरी म्हणजे ‘१ सी’; तीस पायऱ्या म्हणजे ‘३० सी’. जितके सौम्य, तितके सामर्थ्य अधिक, हा या पद्धतीचा मूलभूत सिद्धांत. २०२०च्या जानेवारीत आयुष मंत्रालयाने करोनावर प्रतिबंधक म्हणून सुचवलेल्या आणि महाराष्ट्रात पुढे घरोघरी वाटल्या गेलेल्या ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ गोळ्या याच पायरीवरच्या. त्यांचे मूळ द्रव्य सोमल. एक ग्रॅम सोमलात साधारण तीनावर एकवीस शून्ये इतके रेणू असतात. तीस पायऱ्यांनंतर ते एकावर साठ शून्ये इतक्या पटींनी विरळ होतात. त्या द्रावणात सोमलाचा एक रेणू सापडावा अशी अपेक्षा धरायची, तर दीड लाख सूर्यांच्या वस्तुमानाएवढे द्रावण लागेल. हानेमान यांना याचा दोष देता येत नाही. अॅव्होगाड्रोचे गृहीतक १८११चे. रेणूंच्या आकाराचा पहिला विश्वसनीय अंदाज लोश्मिट यांनी १८६५ साली मांडला, तेव्हा हानेमान यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. दोष द्यायचा तर हे सारे ठाऊक असूनही सिद्धांत न तपासणाऱ्या आपल्या पिढीला द्यावा लागेल.

या अंकगणितावर उत्तर म्हणून आयआयटी मुंबईतील चिक्रमाने, सुरेश, बेल्लारे आणि काणे यांचा २०१०चा शोधनिबंध पुढे केला जातो. बाजारात मिळणारी सोने, चांदी, तांबे, कथील, जस्त आणि प्लॅटिनम यांपासून बनवलेली होमिओपॅथिक औषधे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक विश्लेषणातून तपासली. ६ सी, ३० सी आणि २०० सी या तिन्ही पायऱ्यांवर त्यांना त्या धातूंचे नॅनोकण आढळले. याचे स्पष्टीकरणही त्यांनी सुचवले: जोराने हलवताना बुडबुडे तयार होतात, कण त्यांना चिकटून पृष्ठभागावर येतात आणि वरचा थर पुढच्या पायरीसाठी घेतला की कणही त्याच्याबरोबर जातात. म्हणून एका मर्यादेनंतर प्रमाण घटत नाही, स्थिरावते.

आता हे सारे मान्य करू. पहिला निष्कर्ष: ६ सी, ३० सी आणि २०० सी यांत धातूचे प्रमाण जवळपास सारखेच राहते. मग बाटलीवरच्या आकड्याला काय अर्थ उरला? सौम्यतेबरोबर सामर्थ्य वाढते, हा सिद्धांत तर निबंधानेच निकालात काढला. कारण त्याच्या म्हणण्यानुसार त्या पायऱ्यांवर सौम्यीकरण घडतच नाही. दुसरा निष्कर्ष: ही युक्ती न विरघळणाऱ्या कणांनाच लागू पडते. ‘नेट्रम म्युर’ म्हणजे साधे मीठ; पाण्यात ते आयनांमध्ये विरघळते, त्याचे कण बुडबुड्यावर स्वार होत नाहीत. ‘नक्स व्होमिका’ म्हणजे कुचल्याचा अर्क. अशा विद्राव्य द्रव्यांना नॅनोकणांची ढाल पुरत नाही. तिसरा निष्कर्ष सर्वांत साधा. मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम धातू आहे, म्हणजे तो रोग बरा करतो असे नव्हे. नळाच्या पाण्यात तांबे आणि जस्त याहून कितीतरी अधिक असते. पदार्थ आहे हे दाखवणे वेगळे आणि त्याने रुग्ण बरा होतो हे दाखवणे वेगळे. त्या निबंधात एकही रुग्ण नाही.

आणखी एक आधार म्हणून ‘पाण्याची स्मृती’ सांगितली जाते. द्रव पाण्यातले हायड्रोजन बंध पिकोसेकंदांच्या काळात तुटतात आणि नव्याने जुळतात. शिवाय गोळ्यांवर टाकलेला थेंब वाळून जातो. उरते ती साखर. आता स्मृती पाण्याची मानायची की साखरेची?

तरीही पदार्थविज्ञानाने शेवटचा शब्द उच्चारू नये, हे मला मान्य आहे. यंत्रणा कळली नाही तरी परिणाम खरा असू शकतो. म्हणून चाचण्यांकडे वळू. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक वैद्यकाच्या तशाच ११० चाचण्यांची तुलना आली. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांपुरते पाहिले तेव्हा होमिओपॅथीचा परिणाम लुटुपुटूच्या औषधाच्या पातळीवर आला; आधुनिक औषधांचा टिकला. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने ६१ आजारांचा आढावा घेतला आणि एकाही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असे म्हटले. दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४ साली मॅथी आणि सहकाऱ्यांनी रुग्णागणिक निवडलेल्या औषधांच्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा त्यांना लहानसा अनुकूल परिणाम दिसला. पण पुराव्याची प्रत पाहता सावधगिरी हवी, असे त्यांनी स्वतःच नोंदवले. या सावधगिरीचे कारण २०२२ साली अधिक स्पष्ट झाले. गार्टलेनर आणि सहकाऱ्यांना आढळले की २००२पासून नोंदणी झालेल्या होमिओपॅथीच्या चाचण्यांपैकी ३८ टक्के प्रसिद्धच झाल्या नाहीत, आणि प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचण्यांपैकी ५३ टक्क्यांची आधी नोंदणी नव्हती. नाणे शंभरदा उडवून फक्त छापे सांगितले, तर कोणतेही नाणे चमत्कारिक ठरेल. औषध कंपन्याही प्रतिकूल निकाल दडवतात, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्यावरचा उपाय दोघांनाही तोच नियम लावणे हा आहे, एकाला सूट देणे हा नव्हे.

‘मला गुण आला’ या अनुभवाचा मी अनादर करत नाही. सर्दी, अंगावरचे पित्त, लहान मुलांचा खोकला हे आजार चढतात आणि उतरतात; माणूस डॉक्टरकडे जातो ते चढावर असताना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. अर्धा तास आपले म्हणणे ऐकून घेणारा डॉक्टर भेटणे, हेही रुग्णाला मोलाचे वाटते. ते मोल ऐकण्याचे आहे; गोळीच्या खात्यात ते जमा करता येत नाही.

नॅनोकणांबाबत जे झाले तेच महाराष्ट्रात कायद्याबाबत झाले आहे. २०१४ साली विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथना आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२५च्या जुलैत अशा डॉक्टरांची वैद्यक परिषदेत नोंदणी सुरू होणार होती. विरोधामुळे ती थांबली. सप्टेंबरमध्ये शासनाने पुन्हा आदेश काढला आणि १८ सप्टेंबरला राज्यातल्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. वाद ‘अॅलोपॅथी विरुद्ध होमिओपॅथी’ असा रंगवला गेला. पण मुळात शासनाने काय कबूल केले, हे फारसे कोणी विचारले नाही. साडेपाच वर्षांच्या शिक्षणातून मिळालेल्या औषधांनी रुग्ण बरे होत असतील, तर सहाव्या वर्षी प्रतिजैविके शिकण्याची गरज काय? आणि त्या सहाव्या वर्षात विद्यार्थी शिकतो ते मात्रा वाढली की परिणाम वाढतो हे, म्हणजे आधीच्या साडेपाच वर्षांत शिकलेल्याच्या नेमके उलटे.

खेड्यात डॉक्टर नाहीत, ही अडचण खरी आहे. पण तिची झळ ज्याला बसते त्याच्याच वाट्याला एका वर्षाचे औषधशास्त्र का यावे? न्यूमोनिया झालेल्या बाळाला कोणते प्रतिजैविक, किती मात्रेत, किती दिवस, हा निर्णय मेळघाटात काही सोपा होत नाही. आणि ज्या तरुणांनी आपली साडेपाच वर्षे आणि घरच्यांचे पैसे या शिक्षणात घातले, त्यांचीही ही फसवणूकच आहे. त्यांना आरोग्यसेवेत आणायचे असेल तर पूर्ण लांबीचे, नीट परीक्षा घेणारे शिक्षण द्या आणि त्या शिक्षणाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी तो शोधनिबंध पुढे केला तर वाद घालू नका. एवढेच विचारा: हे खरे मानले तर ३० आणि २०० या आकड्यांतला फरक कोणता? मिठाच्या औषधात काय उरते? यात किती रुग्ण तपासले? उत्तर येईपर्यंत थांबा. आणि तोवर घरात कोणाचा ताप तीन दिवसांत उतरला नाही, कोणाला धाप लागली, तर गोड गोळ्यांची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या.