पानांचा हिशेब आणि पुस्तकांचा घात

आमच्याकडील जुने लेखक पोथी लिहून पुरी झाली म्हणजे शेवटीं त्या पोथीच्याच तोंडीं एक विनवणी घालीत असत. तेलापासून मला सांभाळ, पाण्यापासून सांभाळ, बंधन सैल पडूं देऊं नको, आणि मूर्खाच्या हातीं मला देऊं नको, असा तिचा आशय. पैकीं पहिल्या तीन भयांचा बंदोबस्त आमच्या विद्यापीठांनीं बरावाईट केला आहे. समईचें तेल वाचनालयांतून केव्हांच गेलें. छप्पर गळतें तेथें निदान ताडपत्री तरी पडते. राहिलें चौथें भय. पोथी लिहिणाऱ्यास मूर्ख म्हणजे पोथी फाडणारा किंवा हरवणारा वाटला असावा. पोथी दुरुस्त करणारा मूर्ख त्याच्या स्वप्नांतहि आला नसेल. परंतु आज आमच्या ग्रंथालयांत जितकीं पुस्तकें वाचकांच्या निष्काळजीपणानें नासतात, त्यांहून अधिक दुरुस्तीच्या नांवाखालीं नासतात, असें म्हणण्याचें धाडस मी करीत आहें. आणि एका विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जीर्ण कागद हाताळण्यांत ज्याचें निम्मेंअधिक आयुष्य गेलें, त्याला असें म्हणण्याचा थोडासा अधिकार वाचक देतील अशी आशा आहे.

हा दोष मी एकट्या कारागिरावर लादीत नाहीं. त्याचा हात पुष्कळदां चांगला असतो; त्याला लावून दिलेलें माप खोटें असतें. ग्रंथालय-समितीपुढें येणारें कोणतेंहि दरपत्रक पाहा. जीर्ण पानांचें लॅमिनेशन, दर पानास अमुक रुपये. बांधणी, दर खंडास अमुक. छायांकन, दर प्रतिमेस अमुक. ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, आणि वर्षअखेरीच्या अहवालांत इतक्या हजार पानांचें जतन झालें असें एक वाक्य. त्या इतक्या हजारांपैकीं किती पानांना त्या उपचाराची गरज होती, कितींना तो बाधला, आणि कितींना नुसतें झटकून, स्वच्छ कापडांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवणें पुरेसें होतें, हें विचारणारा रकाना त्या अहवालांत नसतो. पानामागें पैसे घेणारा मनुष्य पानाला हात लावल्यावांचून कसा राहील? वैद्याला शस्त्रक्रियेच्या संख्येवर वेतन देऊं लागलें, तर गांवांत धडधाकट माणूस औषधाला तरी उरेल काय?

एक उदाहरण देतों. मागच्या शतकाच्या आरंभीं छापलेल्या एका संगीत नाटकाची प्रत आमच्याकडे होती. छापील मजकुराच्या दृष्टीनें तिच्यांत अपूर्व असें कांहीं नव्हतें. पण ही प्रत कोणा नाटक मंडळींतील पडद्यामागच्या माणसाच्या हातांतली होती. समासांत शिसपेनीनें, घाईच्या मोडीवळणी अक्षरांत, कोणतें पद गाळावें, एखाद्या पात्रानें कोठें थांबावें, कोणत्या गांवीं कोणता प्रवेश लांबला, अशा टीपा होत्या. फर्मे सुटे पडल्यामुळें ती कंत्राटी बांधणीच्या ढिगांत गेली, आणि पंधरा दिवसांनीं कापडी पाठीची, सोनेरी अक्षरांची, तिन्ही बाजूंनीं आरशासारखी कापलेली अशी होऊन परत आली. कापण्यांत समास अर्ध्या बोटानें गेला. आतां टीपा आहेत, पण त्या ‘येथें दुसरें प’ आणि ‘मंडळी हंस’ अशा आहेत. पुढें त्या काळच्या प्रयोगांचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी आली. तिनें भिंग मागून घेतलें, दोन दिवस ती प्रत पाहिली आणि तिसऱ्या दिवशीं मुकाट्यानें परत केली. त्या बांधणीच्या बिलावर ‘काम समाधानकारक’ असा शेरा आहे, आणि त्याखालीं सही माझी आहे. समितीनें दिलेल्या रकान्यांत समासाचा रकाना नव्हता, आणि मींहि तो मागितला नव्हता.

समास ही कागदाची उधळपट्टी नव्हे, हें आमच्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या १९ व्या दशकाचा पहिला समास (शब्दाचा योगायोगहि मौजेचा!) लेखनक्रियेला दिला आहे. त्यांत भोंवतालीं जागा सोडून मधेंच लिहावें असें सांगितलें आहे, आणि कारणहि दिलें आहे: कागद झडला तरी अक्षराला झड लागूं नये. कागद कोठून मरूं लागतो हें १७ व्या शतकांतील त्या साधुपुरुषाला कळत होतें. आमच्या कटाईयंत्राच्या पात्याला तें अजून कळलेलें नाहीं.

लॅमिनेशनची कथा याहून शोकजनक आहे, कारण तिच्या आरंभीं कोणाचा लोभ नव्हता. १९३० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंत व्हर्जिनियांतील विल्यम बॅरो यानें जीर्ण कागद सेल्युलोज ॲसिटेटच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्यें घालून उष्णतेनें व दाबानें एकजीव करण्याची रीत प्रचारांत आणली. तिला लागणारें यंत्र महाग. म्हणून १९५० नंतर थोड्याच वर्षांत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत तेंच काम हातानें करण्याची युक्ति निघाली. पानावर पापुद्रा, त्यावर पातळ टिश्यू, आणि वरून ॲसिटोनमध्यें भिजविलेला कापसाचा बोळा फिरवावयाचा. पापुद्रा विरघळून कागदाला धरतो. यंत्र नको, वीज नको. गरीब देशाला परवडणारी ही युक्ति आमच्या दफ्तरखान्यांत आणि ग्रंथालयांत रूढ झाली, आणि त्या काळीं तिनें पुष्कळ कागद हातांत धरण्याजोगे केले, हेंहि मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. पण ज्या कागदांतील आम्ल आधीं काढलें नाहीं, त्याचें आम्ल पापुद्र्यांच्या आंत कोंडून राहिलें. शिवाय सेल्युलोज ॲसिटेट स्वतःच कालांतरानें, विशेषतः उष्ण व दमट हवेंत, विघटित होतें आणि व्हिनिगारसारखा आंबट वास सोडूं लागतें. कपाट उघडतांच तो वास आला म्हणजे आंत काय चाललें आहे हें मला पुस्तक न उघडतांहि समजतें. तो पापुद्रा काढावयाचा तर पान पुनः ॲसिटोनमध्यें बुडवावें लागतें, आणि तेंहि एकदां बुडवून भागत नाहीं. हें सारें ठाऊक होऊन किती तरी वर्षें लोटलीं. तरीहि दरपत्रकांत लॅमिनेशनचा रकाना पहिला आहे. कारण तें झपाट्यानें होतें, मोजतां येतें, आणि समितीच्या मेजावर पान चकचकीत दिसतें.

ग्रंथसंरक्षणाचा पहिला नियम अगदीं साधा आहे. जें पुढच्या माणसाला उलटवितां येणार नाहीं, तें आज करूं नये. चिकटपट्टी ही या नियमाची उघड पायमल्ली आहे. तिचा चीक कांहीं वर्षांत कागदाच्या तंतूंत मुरतो, पान तेलकट पिवळें होतें, वरची पट्टी गळून पडते, आणि फाटलेलें पान पूर्वीसारखेंच फाटलेलें राहतें. पोथी ज्या तेलाला भ्याली होती, तें आम्हीं दुकानांतून विकत आणून तिला लावतों! याउलट गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि तुतीच्या सालीचा जपानी टिश्यू, तोहि कात्रीनें न कापतां कडेचे तंतू मोकळे राहतील असा हातानें फाडलेला, एवढ्यावर पान सांधलें तर शंभर वर्षांनींहि कोणी ओलसर बोळा फिरवून तो सांधा सोडवूं शकेल. पण त्याआधीं शाईची परीक्षा हवी. काजळाची शाई कागदाला खात नाहीं, पण पाण्यानें फिसकटूं शकते. हिराकशीची शाई पाण्यांत टिकली तरी कागदालाच खाते. आम्ल मारण्यासाठीं चुन्याची निवळी वापरावयाची तर ती कोणत्या पानाला सोसेल हें आधीं पाहिलें पाहिजे. मग टिपकागद, वजन, आणि वाट पाहणें. अशीं पानें दिवसाकाठीं किती होतात, असें समिति विचारते. कधीं दहा, कधीं एक, आणि कधीं एकहि नाहीं. तो दिवस नुसता पाहण्यांत गेलेला असतो.

येथें व्यवहारी मंडळी म्हणतील कीं, लाखों पुस्तकें, एक माणूस, आणि तो दिवसाला एक पान सांधणार. तोंवर सर्वांचा भुगा होईल! आक्षेप पोकळ नाहीं. १९ व्या शतकाच्या मध्यानंतर चिंध्यांच्या कागदाची जागा लांकडाच्या लगद्यानें घेतली. शाई फुटूं नये म्हणून त्याला राळ व तुरटी लावूं लागले, आणि त्या तुरटीनें ओलाव्याशीं संगनमत करून कागदाच्या पोटांतच आम्ल निर्माण केलें. म्हणून जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावरचें पेशवाईंतील दफ्तर आजहि उलगडतां येतें, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईंत निघालेला मासिकाचा अंक घडीवर तुटतो. मुद्रित मराठी वाङ्मयाचें मरण हस्तलिखितांपेक्षां जवळ आहे, हें विद्वानांनाहि पटवून द्यावें लागतें.

परंतु यावरचा उपाय प्रत्येक पान चिकटविणें हा नव्हे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीच्या पुरानें फ्लॉरेन्स येथील राष्ट्रीय ग्रंथालयांतील लाखों ग्रंथ चिखलांत बुडविले. तेथें काम केलेल्या पीटर वॉटर्स यानें पुढें वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत जी पद्धति घालून दिली, तिचें सार इतकेंच कीं, आधीं सर्वांना आडोसा द्या, मग थोड्यांना औषध द्या. प्रत्येक नाजूक पुस्तकाला त्याच्या मापाची, आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी. कपाट भिंतीपासून वीतभर पुढें. पावसाळ्यांत हवेचा ओलावा मोजण्याची व्यवस्था. आणि कसर व वाळवी यांसाठीं दर महिन्यास डोळ्यांनीं तपासणी. यांत आम्हांस परकें असें काय आहे? दासबोधाच्या त्याच समासांत फळ्या, बासनें, मेणकापड आणि कुलुपाच्या पेट्या यांचा उल्लेख आहे. एखादें प्रकरण बासनांत गुंडाळलें म्हणजे तें मेलें, असा अर्थ कचेऱ्यांनीं रूढ केला. ग्रंथाच्या बाबतींत बासनांत गुंडाळणें म्हणजे जगविणें. पण पेटीच्या आंतलीं पानें मोजीत बसलें तरी पेटी एकच भरते, आणि दरपत्रकाला ती आवडत नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो, छायांकन झालें कीं मूळ प्रत गेली तरी चालेल. अमेरिकेंत मायक्रोफिल्म काढून वृत्तपत्रांचे मूळ खंड कसे फेंकण्यांत आले, याची हकीकत निकल्सन बेकर यानें २००१ सालीं पुस्तकरूपानें लिहून त्या देशांतील ग्रंथपालांस चांगलेंच खडसाविलें होतें. आमच्याकडे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या योजनेंतील मराठी ग्रंथांच्या प्रतिमा ज्यांनीं वापरल्या, त्यांना गळालेलीं पानें आणि भलत्याच नांवाखालीं नोंदलेले ग्रंथ नवे नाहींत. मूळ प्रत जागेवर असेल तर गळालेलें पान पुनः टिपतां येतें; ती रद्दींत गेल्यावर काय टिपणार? प्रतिमा काढणें मला नको आहे असें नव्हे. वारंवार हाताळण्यापासून पुस्तक वाचतें, हा तिचा उपकार मोठा आहे. पण तीहि दर प्रतिमेच्या हिशेबानें निघाली कीं पान सपाट व्हावें म्हणून पुस्तकाचा कणा मोडला जातो, आणि जुन्या मासिकांचीं वेष्टणें, जाहिराती, वर्गणीच्या पोंची, ज्यांतून मासिक कोण वाचत होतें हें कळावें, तीं ‘मजकूर नाहीं’ म्हणून वगळलीं जातात. २०२५ च्या अर्थसंकल्पांत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठीं ज्ञानभारतम् मोहीम जाहीर झाली. तो आंकडा ऐकून आनंद झाला आणि धाकहि वाटला. कोटीचें ओझें पुढें दरपत्रकांतून उतरलें, तर त्या पोथ्यांची विनवणी ऐकणार कोण?

‘म्हणजे तुम्ही बाइंडरच कीं!’ असें एका सन्मान्य सभासदानें मला एकदां सहज म्हटलें होतें. बाइंडर ही शिवी नव्हे. शिवण मी एका वृद्ध बाइंडरकडूनच शिकलों, आणि फर्म्याचा कान धरून पुस्तकाचें वय सांगणारा तसा माणूस मला पुनः भेटला नाहीं. पण त्याला जें कळत होतें तें सांगण्याची मुभा त्याला कधीं नव्हती, आणि तेवढीच मुभा मी मागत आहें. दर पानाचा रकाना दरपत्रकांतून काढून टाका. कोणत्याहि पुस्तकाला हात लावण्यापूर्वीं त्याची स्थिति आणि त्याला काय करूं नये हें लिहिणारा माणूस नेमा, त्याला समितींत बसवा, आणि ‘कांहीं केलें नाहीं’ हा शेरा त्यानें लिहिला तर त्याचा पगार कापूं नका. बांधणीच्या करारांत कटाई वर्ज्य आहे एवढी एक ओळ घालण्यास तर पैहि लागत नाहीं.

त्या नाटकाच्या प्रतीची पेटी मीं आतां केली आहे. आंत एक चिठ्ठी ठेविली आहे. समास किती रुंद होता, तो किती कापला गेला, कोणत्या पानांवरच्या टीपा तुटल्या, आणि कामावर सही कोणाची होती, हें तिच्यांत लिहिलें आहे.