‘गांधी’ चित्रपटात येरवडा का नाही?



२ ऑक्टोबरला शाळाशाळांतून रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ दाखवावा, मुलांना इतिहास आपोआप कळेल, असं आपल्या अंकातल्या एका पत्रात वाचलं. १९८३ साली आठवीत असताना आमच्या शाळेने तालुक्याच्या टॉकीजमध्ये तो दाखवला होता. परतताना एसटीत कुणी मोठ्याने बोललं नाही. पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले, त्यात त्या दुपारचा मोठा वाटा आहे. गेल्या आठवड्यात लेकीबरोबर तो पुन्हा पाहिला आणि हे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

तपशिलाच्या बाबतीत हा चित्रपट निष्काळजी मुळीच नाही. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढची जनरल डायरची उलटतपासणी आठवा. चिलखती गाड्या बागेत शिरू शकल्या असत्या तर मशीनगन चालवली असती का, हा प्रश्न समितीच्या कामकाजात खरोखर नोंदलेला आहे, डायरचा होकारही. १६५० गोळ्यांचा आकडाही खरा. तो प्रश्न विचारला होता चिमणलाल सेटलवाड यांनी. हेच सेटलवाड १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष होते. आणि ती सभा उभी करणारे डॉ. आंबेडकर? १९१ मिनिटांत ते एकदाही येत नाहीत. “आई, बाबासाहेब कधी येणार?” असं लेकीने दोनदा विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

सप्टेंबर १९३२ चं येरवडा चित्रपटातून सबंध गायब आहे. ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, त्याविरुद्ध गांधीजींनी २० तारखेला येरवडा तुरुंगातच प्राणांतिक उपोषण आरंभलं. आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली बोलणी झाली. एका बाजूला महात्म्याचा जीव, दुसऱ्या बाजूला कोट्यवधी माणसांचा नुकताच मिळालेला हक्क, आणि निर्णय एकट्या बाबासाहेबांच्या शिरावर. २४ तारखेला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा १४८ झाल्या. कलकत्त्याचं उपोषण मन लावून दाखवणाऱ्या दिग्दर्शकाने नेमकं हेच उपोषण गाळावं, हे मला पटत नाही.

एका आयुष्यातलं सगळं एका चित्रपटात मावत नाही, असं सुरुवातीलाच लिहून येतं. मान्य. पण मार्टिन शीनने केलेल्या काल्पनिक अमेरिकन वार्ताहरासाठी जागा निघाली, छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइटसाठीही निघाली. अस्पृश्यतेचा विषय ठसठशीतपणे येतो तो कस्तुरबांशी संडास साफ करण्यावरून झालेल्या भांडणात. आत्मकथेतल्या डरबनच्या प्रसंगावर बेतलेलं ते दृश्य रोहिणी हट्टंगडी आणि बेन किंग्जली यांनी विलक्षण केलं आहे, आजही अंगावर येतं. तरी तो नवरा-बायकोमधला वाद आहे. ज्यांनी अस्पृश्यता भोगली, त्यांच्यापैकी कुणी त्यात बोलत नाही.

येरवडा दाखवलं असतं तर गांधीजी लहान झाले असते, असं काहींना वाटतं. उलट, ते गाळल्याने त्यांच्यावरही अन्याय झाला आहे. करारानंतर त्यांनी ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू केलं, अस्पृश्यतेविरुद्ध देशभर महिनोन्‌महिने दौरा केला, आणि त्याच दौऱ्यात २५ जून १९३४ रोजी पुण्यात त्यांच्यावर बॉम्ब टाकण्याचा प्रयत्न झाला. यातलं काहीच पडद्यावर नाही. मग शेवटच्या गोळ्या केवळ फाळणीच्या रागातून आल्या, असं मुलांना वाटलं तर दोष त्यांचा कसा?

म्हणून शाळांना विनंती आहे. ‘गांधी’ जरूर दाखवा. पण त्याच आठवड्यात जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटातला पुणे कराराचा भागही दाखवा. त्यात मामुट्टी बाबासाहेब आहेत आणि आपले मोहन गोखले गांधीजी. दोन्ही पाहून झाल्यावर कराराची कलमं फळ्यावर लिहा आणि मुलांना तासभर बोलू द्या.

— एक इतिहास शिक्षिका, जि. सातारा