लाखाची गोष्ट, पण पाहणार कोण?

नल्लकुंट्यात गाणे शिकावयास येणाऱ्या मराठी मुलांना भूप आणि यमन ओळखता येतात. पण राजा परांजपे यांचे नाव काढताच ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. दोष मुलांचा नाही. तेलुगू शेजार, हिंदी बाजार आणि इंग्रजी शाळा यांतून वाट काढणाऱ्या या मुलांना जुने मराठी बोलपट आपण दाखविलेच नाहीत.

१९५२ सालचा ‘लाखाची गोष्ट’ घ्या. मुलीचा श्रीमंत बाप तिच्या कफल्लक चित्रकार प्रियकराला अट घालतो: एक लाख रुपये महिन्यात उडवून दाखव! पैसा नसल्याची विवंचना आपल्या परिचयाची. येथे पैसा संपविण्याची विवंचना. ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि राजा गोसावींचा भाबडा चेहरा यांनी ही गंमत कोठेही आचरट होऊ दिली नाही. सुधीर फडके यांच्या चाली मालती पांडे यांच्या गळ्यातून येतात, तेव्हा बोलण्यात जे संकोचते, ते गाण्यात सहज मोकळे होते. संगीत येथे कथेला अडवीत नाही, पुढे नेते.

त्याआधी १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पाहावे करून’ काढला. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव त्यात दामुअण्णा मालवणकरांच्या रूपाने पडद्यावर आले. त्याच वर्षी हॉलिवुडात लुबिच यांनी एका दुकानातील दोन नोकरांची पत्रांतून जुळणारी प्रीती रंगविली. तिकडे प्रेमाआड गैरसमज येतो. आमच्याकडे लग्नाआड सारे घर येते! आपल्या विनोदाची खरी चव याच फरकात आहे.

हे बोलपट कित्येक ठिकाणी नाटकी वाटतात, हे मान्य. पण घरगुती मराठीची लकब, टोमणा आणि लाज ही पाठ्यपुस्तकातून येत नाहीत. ती कानांवर पडावी लागतात. शिवाय हा ठेवा अमर नाही. २००३ साली पुण्यातील आगीत नायट्रेटवरील कितीतरी जुन्या चित्रपटांची रिळे जळून गेली.

हैदराबादेत मराठी साहित्य परिषद आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा एका बोलपटासाठी राखून ठेवावी. आजोबांनी नातवंडांना शेजारी बसवून एखादी कोटी उलगडून सांगावी. भाषेच्या रक्षणाची भाषणे पुष्कळ झाली. आता थोडे हसून पाहू.