गरिबांना शिबिरं नकोत, सल्लागार द्या

गरिबांना पैशाचं शिक्षण द्यायला हवं, असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. बचतीवर भाषण होतं, माहितीपत्रकं वाटली जातात, फोटो निघतो आणि शिबिर संपतं. मुळात गरिबाला हिशोब येत नाही, हे ठरवलं कोणी?

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी या समजाला केव्हाच उत्तर दिलंय. चेतना सिन्हा यांच्यासोबत त्या स्वतःची बँक काढायला निघाल्या, तेव्हा सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी विचारा, असं त्यांनी अधिकाऱ्यांनाच आव्हान दिलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

तेव्हा कमतरता अकलेची नाही. आपल्या बाजूनं कागद वाचून दाखवणारा माणूस मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

२०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. तेव्हा फेरीवाल्याला पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सवलत. शिफारसपत्र देणार नगरपालिका किंवा महापालिका. म्हणजे कर्जाच्या दारापर्यंत शहर आपल्याला नेतं. पण घरात आधीच फायनान्सचे दोन हप्ते चालू असतील तर हे तिसरं कर्ज घ्यावं की नाही, हे सांगणार कोण? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठा बुडाल्या. माल गेला तरी हप्ता राहतोच. त्या वेळी कुणाकडे जायचं?

नियम आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नये, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये मायक्रोफायनान्स कंपन्यांना बजावलंय. बेकायदा सावकारीची तक्रार २०१४ च्या कायद्यानुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण दारात वसुलीवाला उभा असताना हे त्या बाईला ठाऊक नसेल, तर नियम कागदावरच राहतो.

वित्तीय साक्षरता केंद्रं आहेत, असं उत्तर मिळेल. ती चालवण्याची जबाबदारी अग्रणी बँकांवर आहे. साताऱ्यात बँक ऑफ महाराष्ट्र, सांगलीत बँक ऑफ इंडिया. पण कर्ज देणाऱ्यानंच कर्जदाराचा सल्लागार व्हायचं, हा कुठला न्याय? न्यूयॉर्क शहरानं २००८ पासून समोरासमोर बसून मोफत सल्ला देणारी केंद्रं सुरू केली. आपल्या महापालिकेला प्रभाग कार्यालयात एक टेबल, दोन खुर्च्या आणि काहीही न विकणारा एक जाणकार परवडत नाही?

आणि सवाल फक्त सरकारला नाही. व्याज हराम आहे, हे आपल्या मोहल्ल्यात प्रत्येक तकरीरीत ऐकू येतं. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्या, हेही कुरआनातच सांगितलंय. मग जुम्म्याच्या नमाजनंतर तासभर जमातीच्या दफ्तरात बसून लोकांचे कर्जाचे कागद वाचून देणारे दोन निवृत्त बँक कर्मचारी आपल्याला सापडू नयेत?

महापालिकेकडे ही मागणी लेखी करूया. तोवर मोहल्ल्यातलं टेबल तरी आपण मांडूया.