कुदळीवरील आक्षेप

शाळकरी मुलामुलींनी मे महिन्याच्या सुट्टीत गायरानाच्या उतारावर चर खणावेत, ओढ्यातील गाळ उपसावा आणि त्या श्रमातून माती-पाणी जपून वापरण्याचे शिक्षण मिळवावे, अशी सूचना सिल्लोडसारख्या तालुक्यात मांडली की तिच्यावर जे आक्षेप येतात, त्यांतील पहिला इतका सबळ आहे की त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आक्षेपक म्हणतात, श्रमसंस्काराची गरज पुण्या-मुंबईच्या मुलांना असेल. आमची मुले उन्हाळी मिरचीची लागवड करतात, पऱ्हाट्या उपटतात, हंडे वाहतात. त्यांना कष्ट शिकवू पाहणे हा त्यांचा अवमान होय. या उद्गारामागे एक जुनी जखमही आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील खातेदार शेतकरीसुद्धा खडी फोडायला गेला. ज्या घराने पोटासाठी टिकाव उचलला, त्या घराला तोच टिकाव नातवाच्या हाती पाहवत नसेल, तर त्यात नवल नाही.

तथापि हा आक्षेप श्रमाविषयी जितका खरा आहे, तितकाच शिक्षणाविषयी गैरलागू आहे. दुष्काळी कामावरच्या मजुराला किती खणायचे ते सांगितले जाई, तेथेच का खणायचे हे मात्र कोणी सांगत नसे. ते ज्ञान दप्तरात राही, आणि मजुराच्या वाट्याला हजेरी व रोजंदारी येई. आम्हांला मुलांना कष्ट शिकवावयाचे नाहीत. त्यांच्या नित्य परिचयाच्या कष्टाला त्याचे कारण जोडून द्यावयाचे आहे, आणि स्वतःच्या बांधाआड जिरणारा तो कष्ट, ज्या जमिनीला कोणी एक मालक नाही, तिच्यापर्यंत न्यावयाचा आहे.

हे कारण कसे जोडले जाते, ते पाहावे. सारख्या लांबीच्या दोन काठ्या माथ्याशी बांधून मध्ये आडवी काठी ठोकावी आणि माथ्यापासून दोरीला दगड लोंबता सोडावा. ही दोरी आडव्या काठीवरील मध्यखुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असे समजावे. हीच ती ‘ए-फ्रेम’. एक पाय रोवून दुसरा फिरवीत, दोरी खुणेवर येईल तेथे फक्की टाकीत गेले, म्हणजे टेकडीच्या अंगावर समतल रेषा उमटते. फळ्यावरचा समद्विभुज त्रिकोण येथे नववीच्या मुलीच्या हाती येतो. तिने आखलेला दहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर एकदा भरला की १,८०० लिटर पाणी धरतो, हा हिशेब तिने स्वतः मांडलेला असतो, आणि म्हणून तो ती विसरत नाही.

दुसरा आक्षेप पुस्तकाच्या बाजूचा. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचा निर्देश दिला, आपल्याकडे ‘जलसुरक्षा’ नावाचे पाठ्यपुस्तकही आले. मग आणखी काय हवे? हवे ते शिवार. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या एका अंगाचे पाणी वाघूर नदीतून तापीला आणि अरबी समुद्राला मिळते, तर दुसऱ्या अंगाचे पूर्णेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. सिल्लोडचा विद्यार्थी या जलविभाजकाच्या परिसरात वाढतो. तो त्याने पायांनी तुडवून पाहू नये, ही शिक्षणाची केवढी हानी!

जेसीबी तासाभरात करील त्यासाठी मुले कशाला राबवावीत, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर थोडक्यात आहे: नाल्याच्या खोलीकरणाला यंत्र लावा, परंतु खणलेल्या चराची पुढील दहा वर्षे काळजी वाहणारा माणूस यंत्र घडवीत नाही.

एक आक्षेप मात्र मी पूर्णतः मान्य करतो. छायाचित्रापुरती रोपे लावावयाची, आणि पुढच्या वर्षी त्याच वाळल्या खड्ड्यांत नवी, हा प्रकार मुलांना खोटेपणाचेच शिक्षण देतो. परंतु त्यामुळे दोषी ठरते ती पाठपुराव्याची उणीव, श्रम नव्हेत. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे भर मे महिन्यात युवकांची श्रमसंस्कार छावणी भरविली. ती परंपरा पुढे दशकानुदशके चालत राहिली, ती श्रमाला विचाराची जोड मिळाली म्हणून. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत मराठवाड्यातील अंबाजोगाईसह तीन तालुके उतरले, आणि २०१८ पर्यंत त्यांची संख्या ७५ झाली. तेथेही कुदळ हाती देण्यापूर्वी गावकऱ्यांना पाणलोटाचे रीतसर प्रशिक्षण दिले जाई. उन्हाळ्यातच ही कामे करण्याला कारण आहे: शेते मोकळी असतात, ओढे कोरडे असतात आणि पावसाळ्याला अवधी असतो.

म्हणून सिल्लोड तालुक्यातील मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेला गायरानाचा एक तुकडा ठरावाने नेमून द्यावा; मे महिन्यात, ऊन चढण्यापूर्वी, सकाळी सहा ते नऊ एवढेच काम घ्यावे; पालकांची संमती, सावली, पिण्याचे पाणी आणि औषधपेटी यांची तजवीज आधी करावी; मुलींना घमेल्याबरोबर मोजणीची दोरीही द्यावी; आणि जून ते सप्टेंबर प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्याच मुलांना तेथे नेऊन कोणता चर भरला, कोणता फुटला, याची नोंदवही ठेवावी. ती नोंदवही दहावीच्या वर्गाने शाळा सोडताना नववीच्या स्वाधीन करावी. ग्रामसभेचा ठराव एप्रिलपूर्वी झाला, तर हे काम येत्या उन्हाळ्यातच सुरू करता येईल.