कडक भाकरी आणि विम्याचं आठवं कलम

सात रस्त्याच्या परिसरात येणारा रुग्ण एकट्या सोलापूरचा नसतो. धाराशिव-लातूरकडून, पलीकडे विजयपुरा-कलबुर्गीकडूनही माणसं या शहरात उपचाराला येतात. त्यांत ज्यांचा खालचा जबडा पुढे आलेला, हनुवटी आत गेलेली किंवा चेहरा एका बाजूला कललेला असतो, त्यांच्या घरात विषय बहुधा एकाच निमित्ताने निघतो: लग्नाचं बघायचंय, त्याआधी करून घेऊ. म्हणजे रुग्ण, नातेवाईक आणि विमा कंपनी या तिघांनीही हा दिसण्याचा उपचार आहे असं आधीच ठरवून टाकलेलं असतं. माझं म्हणणं असं, की ही वर्गवारीच चुकीची आहे. मागच्या दाढा घट्ट मिटल्या तरी ज्याचे पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, त्याला सोलापूरची कडक भाकरी दाताने तोडता येत नाही. कालवणात कुस्करून खाता येते, हे खरं. तो जन्मभर तेच करतो, घास बाजूला सरकवून दाढेने तोडतो, चारचौघांत जेवायचं टाळतो आणि कुठेही तक्रार करत नाही. तक्रार नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून गरजही नाही, असा हा हिशेब आहे.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात ०८ या संकेतांकाखाली सौंदर्य किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया आणि रूप बदलणारे उपचार येतात. अपवाद आहेत: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, आणि आरोग्याला असलेला थेट व तात्काळ धोका दूर करण्यासाठीचा आवश्यक उपचार, तोही उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर. सगळी मेख 'तात्काळ' या अटीत आहे. वाकडा वाढलेला जबडा कुणाला आठवड्याभरात मारत नाही. दात एकाच बाजूने झिजत जातात. जबडा फार मागे असेल तर झोपेत श्वासाची वाट आवळते आणि त्याचे परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतात. लहानपणी हनुवटीवर पडून कानाजवळचा सांधा दुखावतो, त्या बाजूची वाढ खुंटते आणि पंधरा वर्षांनी चेहरा वाकडा दिसतो. हा अपघात की सौंदर्य? दुचाकीवरून पडून जबडा मोडला तर प्रश्नच येत नाही. वाढताना बिघडला तर कलम आडवं येतं. गंमत अशी, की जबडा कापून जागेवर आणण्याची पहिली शस्त्रक्रिया म्हणून जिचा उल्लेख होतो, ती अमेरिकेत हलिहेन यांनी १८४९ मध्ये केलेली शस्त्रक्रिया भाजल्यामुळे वाकड्या झालेल्या जबड्यावर होती. आपल्या कलमात तो पहिला रुग्ण बसला असता. त्यानंतरचे बहुतेक बसत नाहीत.

दरम्यान शस्त्रक्रिया मात्र कुठच्या कुठे गेली. १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी तोंडाच्या आतून खालचा जबडा उभा चिरून सरकवायची पद्धत मांडली, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पुढे दोन्ही जबडे एकाच वेळी हलवता येऊ लागले, आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रू आल्यावर आठवडेच्या आठवडे दात तारेने बांधून ठेवायची गरज फारशी उरली नाही. आज त्रिमितीय स्कॅनवर संगणकात आधी हाड कापून पाहतात आणि जबडा नेमका कुठे बसवायचा ते दाखवणारा साचा छापून घेतात. क्रमही बदलतो आहे. जुनी रीत अशी: आधी वर्ष-दीड वर्ष तारा, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा तारा. कारण जबड्याचं व्यंग झाकण्यासाठी दात आपणहून कलतात. जबडा सरकवण्यापूर्वी ते सरळ करावे लागतात. त्या काळात व्यंग उलट जास्तच उठून दिसतं, आणि अनेकांचा धीर तिथेच सुटतो. २००९ मध्ये जपानी डॉक्टरांनी आधी शस्त्रक्रिया, मग तारा हा क्रम प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर काही महिने हाडांची झीज-भर वेगाने होते, त्या काळात दात लवकर सरकतात. हे सगळ्यांना लागू नाही. दातांची गर्दी फार असेल किंवा नवीन जागी जबडे नीट टेकणार नसतील तर जुनाच रस्ता बरा. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होण्याचा धोकाही आहे. बहुतेकांची बधिरता कमी होते, काहींची कायमची राहते. जो डॉक्टर हे आधी सांगत नाही, त्याच्याकडे जाऊ नये.

ही शस्त्रक्रिया विम्यात घ्यावी म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: दार उघडलं की नट-नट्यांसारखी हनुवटी हवी असलेलेही रांगेत येतील. येतीलच. पण ही चाळणी लावता येते, आणि इतरांनी ती लावली आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या गरजेची पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे. ती दिसण्यावर नाही, चावण्यावर, श्वासावर, दातांच्या इजेवर बेतलेली आहे. जपानमध्ये ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या जबड्याच्या व्यंगासाठी तारांचा खर्चसुद्धा सार्वजनिक विम्यात येतो. केवळ रूपासाठी शस्त्रक्रिया हवी असणाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने करावी, याबद्दल माझं दुमत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तंबाखूने तोंडाचे कर्करोग होणाऱ्या जिल्ह्यात सरकारी पैसा कुठे आधी जावा? कर्करोगाकडेच. मात्र इथे नवी इमारत किंवा नवं खातं मागितलेलं नाही. सोलापुरात १९६३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, केगावला दंत महाविद्यालय आहे. मोडलेला जबडा जोडणारे आणि कर्करोगात जबडा काढावा लागलेल्याला तो परत उभा करून देणारे सर्जन याच विषयाचे असतात. हत्यारं आणि पट्ट्याही त्याच घराण्यातल्या. खर्चाचा मोठा भाग वाचवायचा असेल तर तो लहानपणीच वाचतो. वरचा जबडा मागे राहिलेल्या मुलाला साधारण दहा वर्षांच्या आत बाहेरून ओढ देणारा मुखवटा लावला, खालचा मागे असेल तर वयात येतानाच्या वाढीचा फायदा घेतला, तर काहींना शस्त्रक्रिया लागतच नाही. उलट तेराव्या वर्षी, जबडा न तपासता, दात काढून आणि तारा लावून व्यंग झाकलं, आणि अठराव्या वर्षापर्यंत खालचा जबडा वाढतच गेला, तर झाकण्यासाठी केलेलं सगळं उलटं फिरवावं लागतं. काढलेले दात मात्र परत येत नाहीत. दात सरळ करणाऱ्या, घरबसल्या मिळणाऱ्या पारदर्शक साच्यांच्या जाहिराती हाच धोका स्वस्तात विकतात. त्या धंद्यातली अमेरिकेतली सर्वांत गाजलेली कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेक रुग्ण अर्ध्या उपचारावर लटकले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं शाळांमध्ये मुलांच्या तोंडात बघतातच, पण ती शोधतात कीड आणि दुभंगलेला ओठ-टाळू. त्याच तपासणीत मुलाला दात मिटायला सांगून बाजूने एकदा पाहायला आणि पुढच्या दातांनी घास तोडता येतो का हे विचारायला अर्धं मिनिट पुरतं. विम्याच्या बाबतीत तर कलम बदलायचीही गरज नाही. 'आवश्यक' आणि 'तात्काळ' म्हणजे काय याची मोजपट्टी नियामकाने जोडावी, आणि प्रमाणपत्रावर शस्त्रक्रिया करणाऱ्यासोबत तारा लावणाऱ्या तज्ज्ञाचीही सही मागावी. दोघांचं एकमत होत नसेल तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवायची वेळ तशीही आलेली नसते.